पहिली मोटारसायकल : आधी शिकवणी, मग खरेदी



या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची रीत आहे. त्या पंगतीत पहिल्या मोटारसायकलीचा विषय आणून बसवणे कोणाला थोडे विजोड वाटले, तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु येथे येताना आम्ही आवाराच्या भिंतीलगत सहज नजर टाकली. मोटारी मोजक्या, सायकली त्याहून मोजक्या. बाकी सारी ओळ दुचाकींची. म्हणजे व्याख्यान संपल्यावर आपल्यांपैकी बहुतेक मंडळी ज्या वाहनावर बसून घरी जाणार, त्याचीच गोष्ट आम्ही आज काढली आहे. शिवाय हा वैशाख आहे. परीक्षा संपल्या आहेत, चिरंजीव घरी मोकळे आहेत, आणि अनेक घरांत एकच वाद चालू आहे: कोणती गाडी घ्यायची?

विषय हलका नाही हे सांगायला एक आकडा पुरे आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ सालचा जो अपघात अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावल्याची नोंद आहे. त्यांपैकी ७४,८९७ माणसे दुचाकीवरची होती. भागाकार करून पाहा, रोजची दोनशेहून अधिक होतात. या सभागृहात आज जेवढी मंडळी बसली आहेत तेवढी रोज जातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच जातात. त्यांत म्हातारी माणसे थोडी. घर ज्यांच्याकडे डोळे लावून बसलेले असते, अशा वयाची माणसे फार.

आता आपल्याकडे पहिली गाडी कशी येते ते पाहू. पाडवा किंवा अक्षय्य तृतीया धरून आधी नोंदणी होते. रंग ठरतो, त्यावर घरात दोन दिवस खल होतो. मग गाडी दारात उभी राहते, तिला हार पडतो, हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजाऱ्यांना पेढे जातात. आणि हे सारे यथासांग पार पडल्यावर चिरंजीव विचारतात, “आता मला चालवायला कोण शिकवतो?”

हा क्रम उलटा आहे. आजच्या आमच्या सगळ्या बोलण्याचे सार काढायचे तर ते एवढेच. तबला शिकू पाहणारा मुलगा प्रथम गुरूकडे जातो, त्यांच्या घरच्या जुन्या तबल्यावर बोट बसवतो आणि मग स्वतःची जोडी घेतो. पोहायला शिकवायचे तर आपले वाडवडील पोराच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधीत आणि स्वतः आधी विहिरीत उतरत. पाण्याची जी धास्ती आपल्याला होती, ती रस्त्याची नाही.

शिकवणी म्हणून जी चालते तीही पाहण्यासारखी आहे. रविवारी सकाळी मामा किंवा थोरला भाऊ शाळेच्या मैदानावर घेऊन जातो. पहिला गियर टाक, क्लच हळू सोड, मूठ थोडी पिळ. गाडी दोनदा बंद पडते, तिसऱ्यांदा उडी मारून निघते, मामा मागचे कॅरिअर धरून पन्नास पावले धावतो आणि दम लागून सोडून देतो. गाडी पडली नाही, म्हणजे मुलगा शिकला! मामाच्या प्रेमाबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्याने शिकवले ते निघायला. थांबायला कोणी शिकवलेच नाही. मोटारसायकलीवर निघणे ही अर्ध्या तासाची विद्या आहे. थांबणे आणि थांबावे लागेल हे आधी ओळखणे, यालाच सारा अभ्यास लागतो.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे वय अठरा ठरवले आहे. पन्नास सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीला तेवढी सोळाची सवलत आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. कायद्याची कल्पना अशी की या तीस दिवसांत माणूस शिकेल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हे तीस दिवस वाट पाहण्यातच जातात. मग आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, की झाले. आठाच्या आकड्याला आम्ही नावे ठेवणार नाही. हाफ क्लच, मागच्या ब्रेकचा हलका दाब आणि वळणाकडे वळलेली नजर या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय तो निघत नाही. परंतु ती सारी हळू चालीची परीक्षा आहे. ताशी चाळीसच्या वेगात समोर रिक्षा आडवी आली तर काय करायचे, हे त्या आकड्यात कोठेच येत नाही. जागेवर परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती तेवढा वेळ आणि तेवढे मैदानही नसते.

मोटारीसाठी गावोगाव ड्रायव्हिंग स्कूल आहेत. दुचाकी शिकवणारा माणूस मात्र आपल्या आळीत शोधू गेलात तर बहुधा मिळणार नाही, आणि मिळालाच तर तो मुली-बायकांना बिनगियरची स्कूटर शिकवणारा असेल. जणू पुरुष जन्मतःच मोटारसायकल शिकून येतात!

थोडे गणित मांडतो, श्रोत्यांनी सोसावे. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात अकरा मीटर गेले. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक नीट लागला तरी आणखी दहा मीटर. एकूण एकवीस. आता वेग साठ करा. पहिल्या सेकंदात सतरा, ब्रेकखाली तेवीस, एकूण चाळीस. वेग दीडपट झाला आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट. आणि हे ब्रेक येणाऱ्याचे अंतर. ज्याला येत नाही त्याचे अंतर समोरच्या वाहनाच्या मडगार्डापाशी संपते.

ब्रेक येणे म्हणजे काय? आपल्याकडे बापाने मुलाला दिलेला पहिला उपदेश असा असतो: “पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा होशील.” सायकलीच्या काळापासून चालत आलेला हा उपदेश अनेकांना महागात पडला असला पाहिजे. बस थांबू लागली की उभे प्रवासी पुढे झुकतात. तसाच गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. भार आला की टायरची पकड वाढते. म्हणून सरळ, कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. मागचे चाक त्याच वेळी हलके झालेले असते. तेथे पाय दाणकन मारला की चाक अडकते आणि गाडीचे शेपूट फिरते. पुढचा ब्रेक हिसका देऊन धरायचा नसतो, लिंबू पिळावे तसा वाढत्या दाबाने धरायचा असतो. वाळूवर किंवा गाडी वळणात झुकलेली असताना त्याला जपून हात लावायचा. हे ऐकून कळते, पण हाताला येत नाही. हाताला यायला मोकळ्या मैदानात, कमी वेगापासून सुरुवात करून, शंभर-दोनशे वेळा करावे लागते.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना सव्वाशे सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक जोडून लागणारी सीबीएस आणि त्यावर चाक अडकू न देणारी एबीएस सक्तीची झाली. ही चांगली गोष्ट झाली. पण ब्रेक दाबायची बुद्धी आणि तो वेळेवर दाबण्याची सवय यांची सोय कारखान्यात होत नाही.

वळणाचेही असेच. वेगात असताना उजवीकडे वळायचे तर उजवी मूठ किंचित पुढे रेटावी लागते. चाक क्षणभर डावीकडे जाते आणि गाडी उजवीकडे झुकते. सगळे सायकलस्वार हे नकळत करतात आणि विचारले तर नाही म्हणतात. विमान उडवणाऱ्या राईट बंधूंचा मूळ धंदा सायकलींचा. त्यांतल्या विल्बरला लोकांच्या या अज्ञानाची मोठी मौज वाटे. पण घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला की नकळत येणारी विद्या दगा देते. भेदरलेला मनुष्य ट्रककडे पाहतो, आणि गाडी माणसाच्या नजरेमागे जाते.

शिकवणीने खरोखर फरक पडतो का, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्याचा अहवाल १९८१ साली आला. अपघातातल्या चालकांपैकी ९२ टक्के आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आणि निम्म्याहून अधिकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. सगळेच घरी शिकत असतील तर अपघातातही तेच दिसणार, असा आक्षेप येईल. पण हर्टने त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणाऱ्या चालकांशीही तुलना केली होती, आणि शिक्षण घेतलेले अपघातात कमी सापडत होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० साली अशा शिक्षणाविषयीच्या निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका भक्कम पुरावा हाती लागला नाही. आमचे मत असे की एका दिवसाच्या शिबिराचा दाखला हा काही ताईत नव्हे. उलट कसरती शिकवून पोराची छाती फुगवणारे शिक्षण नसलेले बरे. सावकाश, पुनःपुन्हा, आणि धोका आधी ओळखायला लावणारे शिक्षण आम्हांला हवे आहे.

आता खरेदीकडे वळू. आजोबांच्या पिढीत निवड अशी नव्हतीच. १९५५ पासून मद्रासला बुलेट होत होती, पुढे जावा आणि राजदूत आल्या. पण फटफटी ही सामान्य घरातली वस्तू नव्हती, आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. मात्र त्या टंचाईने नकळत एक चांगले केले. माणूस आधी सायकल चालवी. मग १९७२ साली निघालेली पुण्याच्या कायनेटिकची लुना घरात येई, पन्नास सीसीची, पायडल असलेली. तिच्यावर चार-पाच वर्षे रहदारी अंगवळणी पडे, आणि मग स्कूटर, किंवा १९८५ नंतर शंभर सीसीची हिरो होंडा. पायरी पायरीने माणूस वर चढत असे.

विलायतेत या पायऱ्या कायद्यानेच बांधल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९९० सालापासून नवख्याला रस्त्यावर येण्यापूर्वी सक्तीचे प्राथमिक शिक्षण घ्यावे लागते. त्यात प्रथम दृष्टी तपासतात, मैदानात गाडीची ओळख आणि सराव होतो, आणि शेवटी शिक्षकाबरोबर निदान दोन तास रस्त्यावर. त्यानंतरही सव्वाशे सीसीची मर्यादा आणि शिकाऊ पाटी असते. मोठ्या गाडीसाठी वय आणि परीक्षा यांच्या पुढच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे गियरच्या मोटारसायकलीचा परवाना एकदा मिळाला की शंभर सीसीवर परीक्षा दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीवर बसू शकतो. कायदा त्याला अडवत नाही. तेव्हा अडवायचे ते घरच्यांनी.

म्हणून पहिली गाडी शंभर ते सव्वाशे सीसीची असावी, असे आम्ही स्पष्ट सांगतो. चिरंजीवांना ते रुचणार नाही. जाहिरातीतला तरुण लडाखच्या खिंडीतून जातो आणि आपण त्याला कॉलेजला जाण्यापुरती गाडी सांगतो आहोत. पण वजनाचा विचार करा. साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी ११० ते १२५ किलोंच्या आसपास भरते. साडेतीनशे सीसीची १८० ते २०० किलोंच्या घरात जाते. नवशिक्याची गाडी पडते ती वेगात नव्हे, बहुधा दारात, उतारावर, वळवून लावताना. पन्नास-पंचावन्न किलोंच्या मुलाला दोनशे किलो सावरता येत नाहीत. एकदा भर चौकात गाडी आडवी झाली की महिनाभर आत्मविश्वास परत येत नाही.

दुकानात गेल्यावर रंग पाहण्याआधी बुटांसकट सीटवर बसावे. दोन्ही पायांचे तळवे, निदान एका पायाचा पूर्ण आणि दुसऱ्याचा पुढचा भाग, जमिनीला टेकले पाहिजेत. गाडी डबल स्टँडवर स्वतः चढवून पाहावी, दहा पावले मागे ढकलून पाहावी. क्लच आणि ब्रेकच्या मुठींपर्यंत बोटे सहज पोचतात का ते पाहावे. लहान हाताच्या माणसाला, विशेषतः मुलींना, येथेच अडचण येते आणि विक्रेता ती सांगत नाही. मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: “तिला गियरची गाडी कशाला?” हा प्रश्न आम्हांला कळत नाही. जिला नोकरीसाठी रोज पंधरा मैल खराब रस्त्याने जायचे आहे, तिला मोठ्या चाकांची मोटारसायकल स्कूटरपेक्षा खड्ड्यांत अधिक सुखाची जाते. तिला स्कूटर आवडली तर तिने स्कूटर घ्यावी. पण दोन्हींवर बसून ठरवावे.

जुनी गाडी घ्यावी का? आमच्या मते पहिली गाडी जुनी असणे हे शहाणपणाचे आहे, कारण ती पडणार आहे. पेढे वाटून आणलेल्या नव्या गाडीवर पहिला ओरखडा उठला की घरात सुतक पडते, आणि त्या भीतीने मुलगा सराव करीत नाही. मात्र ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवावा, विमा चालू आहे का पाहावे, पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, हँडल सरळ आहे का, टायरची नक्षी शिल्लक आहे का, हे तपासावे. इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. टायरकडे थोडेच पाहतात.

आणि खर्चाच्या यादीत गाडीखाली दुसरी ओळ हेल्मेटची असावी. त्याच २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातल्याने मेलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर आहे. त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. म्हणजे एक घेऊन भागत नाही, दोन घ्यावी लागतात. आयएसआय शिक्का पाहावा, डोक्यात घट्ट बसते का पाहावे, आणि पट्टा लावावा. कोपरात अडकवलेले हेल्मेट फक्त कोपर वाचवते.

वडील मंडळींना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देऊन “जपून जा” म्हणण्याची आपली पद्धत २०१९ च्या दुरुस्तीने महाग केली आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

आता शिकवायचे कोणी, हा प्रश्न उरतो. सरकार करील तेव्हा करील. आपल्या गावात शाळांची मैदाने आहेत, गणपतीत रात्र रात्र जागणारी मंडळे आहेत, आणि वीस-पंचवीस वर्षे निर्धोक गाडी चालवलेली, शांत स्वभावाची माणसे आहेत. पोस्टमन, विद्युत मंडळाचे तारतंत्री, दूधवाले यांच्याइतकी दुचाकी कोणी चालवलेली नसते. त्यांना शिक्षक म्हणून बोलवावे. शिक्षकांत एक-दोन बाई असाव्यात, म्हणजे मुली आणि त्यांच्या आयाही येतील. एखाद्या मंडळाने दोन जुन्या शंभर सीसीच्या गाड्या घेतल्या आणि सुटीतल्या आठ सकाळी दिल्या, तर एका उन्हाळ्यात पुष्कळ मुले तयार होतील. पहिल्या सकाळी इंजिन सुरूच करू नये. गाडी ढकलणे, स्टँडवर लावणे, पडलेली उचलणे एवढेच. मग हाफ क्लचवर माणसाच्या चालीने सरळ रेषेत जाणे. मग थांबणे, दोन संपूर्ण सकाळी फक्त थांबणे, खडूची रेघ आखून. मग आठचा आकडा, आरशात पाहणे, मान वळवून मागे पाहणे. शेवटच्या दिवसांत शिकाऊ परवाना असलेल्यांनाच, लाल एलची पाटी लावून, शिक्षकाच्या मागून शांत रस्त्यावर न्यावे. त्या वेळी शिक्षकाने शिकवायचे ते एकच: उभ्या मोटारीचे दार उघडेल का, गल्लीतून पोर धावत येईल का, एसटी थांब्यावरून सुटेल का, हे आधी मनात विचारणे. आपल्यांपैकी कोणी हे मनावर घेणार असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्ही येथेच थांबणार आहोत.

हे सारे याच महिन्यात का, तेही सांगतो. जो मुलगा या आठवड्यात शिकाऊ परवाना काढील, त्याचे तीस दिवस भरतील तेव्हा मृग लागलेला असेल. वर्षभराचे सांडलेले तेल, टायरचा चुरा आणि धूळ पहिल्या सरीने भिजून रस्त्यावर साबणासारखा थर होतो. दोन-चार चांगले पाऊस झाले की तो धुऊन जातो. तेवढे दिवस वेग निम्मा ठेवावा. झेब्रा पट्ट्यांचा रंग, गटाराची लोखंडी झाकणे आणि फाटकातले रूळ ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नये, गाडी झुकवू नये. रूळ काटकोनात ओलांडावेत. साचलेल्या पाण्यातून जाण्याऐवजी पाच मिनिटे थांबावे, कारण खालचा खड्डा दिसत नाही. आणि मागे छत्री उघडून बसलेल्या माणसाला आधी छत्री मिटायला सांगावे, मग क्लच सोडावा.